साइट उघडत नाही: दोष लिनक्सच्या फायरवॉलचा, की वरून आलेल्या बंदीचा?

‘लिनक्सवर एखादीच साइट उघडत नाही, बाकी सगळं नीट चालतं,’ ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि ती आणणारे दोन प्रकारचे असतात. पहिला फायरवॉल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवरचा पहारा, आधीच बंद करून येतो आणि ‘काढून टाकली तरी उघडत नाही’ म्हणतो. दुसरा तावातावानं येतो: सरकारनं साइट दाबली, पायरसीच्या नावाखाली गळचेपी चालली आहे. मग त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे साइटची नावं आणि पत्ते यांच्या मशीनवरच्या खासगी यादीत, त्यानंच कधीतरी चिकटवलेली ओळ सापडते. पण न्यायालयाच्या आदेशानं आपल्याकडे साइट खरोखर बंद होतात, आणि चुकीच्या नियमानं स्वतःलाच कोंडून घेणारेही कमी नाहीत. त्यामुळे अंदाज बांधत बसू नका. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, कुठे मरतंय ते शोधा, नियमांना हात त्यानंतर.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. आयपीटेबल्सच्या एफ, एल, ए, आय आणि पिंगचा एम ही अक्षरं मोठी, ‘डॅश’नंतरची बाकीची लहान.)

लक्षणं

‘उघडत नाही’ हे लक्षण नव्हे. कशी उघडत नाही ते बघा. ‘कर्ल डॅश व्ही’ आणि पुढे साइटचा पत्ता द्या, आणि जे शब्द येतील ते जसेच्या तसे लिहून ठेवा.

- ‘सर्व्हर सापडला नाही’: नावावरून पत्ता मिळाला नाही. हा डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा भाग, फायरवॉलचा संबंध क्वचित.
- बराच वेळ वाट पाहून ‘टाइमआउट’: पॅकेट कोणीतरी गुपचूप टाकून दिलं, म्हणजे ‘ड्रॉप’ केलं. कोणी, ते यातून कळत नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.
- लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: त्या पोर्टवर काही चालू नाही, किंवा एखाद्या नियमात ‘रिजेक्ट’, म्हणजे तोंडावर नकार, आहे.
- ‘नो रूट टू होस्ट’: इथे भलेभले फसतात. शब्द वाचून लोक केबल हलवतात, राउटर बंद-चालू करतात. फेडोरा, रॉकी, आल्मा या लिनक्सच्या प्रकारांवरचा फायरवॉलडी हा फायरवॉल बंद पोर्टसाठी ‘मनाई आहे’ असा आयसीएमपी निरोप (नेटवर्कच्या अडचणी कळवणारं छोटं पॅकेट) पाठवतो, आणि तुमच्या मशीनवर तो या शब्दांत दिसतो. पिंग चालतंय आणि तरीही हे येतंय, तर रस्ता शाबूत आहे, पलीकडच्या फायरवॉलनं नकार दिला आहे.
- ‘कनेक्शन रीसेट’: जोडणी झाली, पण एचटीटीपीएसची बोलणी सुरू होताच तुटली. ही खूण लक्षात ठेवा.
- प्रमाणपत्राचा इशारा: उत्तर भलत्याच मशीननं दिलं, किंवा तुमचं घड्याळ चुकलं आहे.
- लहान पानं उघडतात, मोठी अर्ध्यावर अडकतात. एसएसएचनं दूरच्या मशीनवर लॉगिन होतं, पण लांबलचक यादी मागितली की गोठतं. हे दुखणं वेगळं आहे, खाली त्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे.

खर्च नाही, धोका नाही

घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि सगळी प्रमाणपत्रं अवैध ठरतात. ‘टाइमडेटसीटीएल’ एवढं टाइप केलं की कळतं.

मग तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा. मोबाइलवर साइट उघडून बघणं वेगळं आणि हे वेगळं: मशीन तेच, फायरवॉल तोच, फक्त बाहेर जाण्याची वाट बदलली. उघडली, तर शक्यतो तुमचे नियम निर्दोष. ‘शक्यतो’ म्हणायची दोन कारणं आहेत. एक, फायरवॉलडी प्रत्येक जोडणीला वेगळा झोन देऊ शकतो, म्हणजे घरच्या वायफायला एक नियमावली आणि हॉटस्पॉटला दुसरी. दोन, मोबाइल कंपन्या बहुधा आयपीव्ही-६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, देतात आणि घरचं ब्रॉडबँड कदाचित देत नसेल. म्हणून ‘कर्ल डॅश ४’ आणि ‘कर्ल डॅश ६’ दोन्ही चालवा. एक चालतं, दुसरं नाही, तर लक्षात घ्या: आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल-आज्ञेचे नियम फक्त आयपीव्ही-४ ला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांना, लागू असतात. आयपीव्ही-६ साठी आयपी६टेबल्सची स्वतंत्र यादी असते आणि ती वर्षानुवर्षं कोणी उघडलेली नसते.

ब्राउझर आणि ‘कर्ल’ यांची तुलना हीदेखील फुकटची तपासणी, आणि तिचं सगळ्यांत मोठं उदाहरण १८ जानेवारी २०१२ चं. अमेरिकेच्या संसदेपुढे असलेल्या सोपा आणि पिपा या पायरसीविरोधी विधेयकांच्या निषेधार्थ त्या दिवशी इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा झाला. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजल्यापासून. रेडिट १२ तास बंद होतं, गूगलनं अमेरिकेत आपल्या बोधचिन्हावर काळी पट्टी लावली. विकिमीडियाच्या आकड्यानुसार तो काळा पडदा १६ कोटी २० लाख जणांनी पाहिला. पण नेटवर्कवर काहीच अडलेलं नव्हतं. पान पूर्ण उतरत होतं आणि मग जावास्क्रिप्ट त्यावर पडदा ओढत होती. जावास्क्रिप्ट बंद केली की लेख वाचता येत होता, मोबाइलची आवृत्ती चालू होती, मराठी विकिपीडियालाही धक्का नव्हता. असं काही दिसलं आणि ‘कर्ल’ला ‘सगळं ठीक’ सांगणारा २०० हा कोड मिळून पूर्ण मजकूर आला, तर फायरवॉलच्या वाटेला जाऊच नका. ब्राउझरचे ॲड-ऑन आणि कॅशे तपासा.

निषेध म्हणून स्वतःची साइट काळी करणाऱ्यांकडून तर नेमाने एक दोष येतो: दिवस संपला, पान काढलं, तरी काही वाचकांना काळं पानच दिसतं. कारण निषेधाच्या पानाकडे ३०१ चं कायमचं पुनर्निर्देशन दिलेलं असतं आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. त्या दिवसासाठी ५०३ हा कोड द्यायचा असतो, म्हणजे ‘सेवा तात्पुरती बंद’. २०१२ च्या त्या आठवड्यात गूगलनंही साइटवाल्यांना हाच सल्ला दिला होता.

नाव विचारा, दोघांना विचारा

आधी होस्ट्स फाइल. जाहिराती अडवणाऱ्या तयार याद्या इथे हजारो ओळी ओततात आणि त्यात एखादी निरपराध साइट सापडते. ‘गेटेंट होस्ट्स’ आणि साइटचं नाव दिलंत की मशीन प्रत्यक्षात कोणता पत्ता वापरतंय ते दिसतं. ‘डिग’ होस्ट्स फाइल बघत नाही, ती थेट डीएनएसला विचारते. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर चोर घरातच.

मग ‘डिग’नं तोच प्रश्न इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला आणि एका सार्वजनिक सर्व्हरला विचारा. मोठ्या साइटचे पत्ते जागेनुसार बदलतात, तेव्हा नुसता फरक दिसला म्हणून आरडाओरडा नको. पण एकाकडून १२७.०.०.१ किंवा कंपनीच्याच मशीनचा पत्ता आला, तर ती बंदी आहे आणि तुमच्या फायरवॉलचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

सोपा-पिपावरचा तांत्रिक आक्षेप नेमका इथलाच होता. त्या विधेयकांनुसार इंटरनेट कंपन्यांनी बंदी घातलेल्या परदेशी साइटचं नावच सापडू द्यायचं नव्हतं. मे २०११ मध्ये स्टीव्ह क्रॉकर, पॉल व्हिक्सी, डॅन कामिन्स्की, डेव्हिड डॅगन आणि डॅनी मॅकफर्सन या पाच तज्ज्ञांनी पिपाबद्दलच्या एका टिपणात लिहिलं की हे डीएनएससेकशी जुळत नाही. डीएनएससेकमध्ये उत्तरावर सही असते. मधल्यानं उत्तर बदललं की सही जुळत नाही, आणि ते भामट्यानं बदललं की न्यायालयाच्या आदेशानं, हे मशीनला ठरवता येत नाही. घोषणांपेक्षा मला हा मुद्दा अधिक वजनदार वाटतो, कारण तो रोजच्या कामात भेटतो. ‘सर्व्हफेल’ असं उत्तर येतं आणि अर्धा तास आपलाच रिझॉल्व्हर, म्हणजे नाव शोधून देणारा सर्व्हर, बिघडला असं वाटत राहतं. ‘डिग’ला ‘प्लस सीडी’ जोडून सहीची तपासणी वगळा. तेवढ्यानं उत्तर आलं, तर गडबड सहीची आहे.

काळ्या दिवसानंतर दोनच दिवसांनी, २० जानेवारीला, दोन्ही विधेयकं पुढे ढकलली गेली आणि परत आली नाहीत. आपल्याकडे मात्र बंदीसाठी नव्या कायद्याची गरजच पडली नाही. अनोळखी प्रतिवादीविरुद्धचे ‘अशोक कुमार’ आदेश आधीपासून होतेच.

आता फायरवॉल: आधी वाचा, बंद करू नका

फायरवॉल बंद करून बघणं ही वाईट तपासणी आहे. साइट उघडली तरी कोणत्या नियमानं अडवली होती ते कळत नाही, आणि मग माणूस ती बंदच ठेवतो. शिवाय ‘आयपीटेबल्स डॅश एफ’ मारून नियम पुसलेत आणि इनपुटचं, म्हणजे येणाऱ्या पॅकेटांचं, मूळ धोरण ‘ड्रॉप’ असेल, तर ‘परवानगी द्या’ सांगणारे नियम गेले आणि ‘सगळं टाका’ हे धोरण राहिलं. दूरच्या सर्व्हरवर हे केलंत की एसएसएच तिथेच संपलं.

त्याऐवजी मोजण्या वाचा. ‘आयपीटेबल्स डॅश एल डॅश एन डॅश व्ही’ दिलं की प्रत्येक नियमापुढे किती पॅकेटं त्यात अडकली तो आकडा येतो. दुसऱ्या खिडकीत साइट उघडायचा प्रयत्न करा, पुन्हा आकडे बघा. ज्या ‘ड्रॉप’पुढचा आकडा वाढला तोच दोषी नियम. आयपीटेबल्सचा नवा वारस असलेल्या एनएफटेबल्समध्ये मोजणी आपोआप होत नाही, नियमात ‘काउंटर’ लिहावं लागतं. यूएफडब्ल्यू हा सोपा फायरवॉल वापरत असाल तर ‘जर्नलसीटीएल डॅश के’मध्ये ‘यूएफडब्ल्यू ब्लॉक’ शोधा, त्या ओळीत कुठून, कुठे, कोणता पोर्ट, सगळं असतं.

पुन्हा पुन्हा भेटणारे दोष साधारण हे:

क्रम. नियम वरून खाली वाचले जातात, पहिला लागू पडला की तिथेच थांबतात. ‘डॅश ए’नं जोडलेला नियम शेवटी जातो, म्हणजे ‘सगळं रिजेक्ट’ या ओळीच्याही खाली, आणि त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. ‘डॅश आय’नं वर घाला.

दोन मालक. यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी दोन्ही चालू, एकात परवानगी, दुसऱ्यात मनाई. डेबियन १० पासून आयपीटेबल्स आतून एनएफटेबल्सच वापरतं, पण जुनी ‘लेगसी’ आवृत्तीही सोबत असते. एकात टाकलेले नियम दुसऱ्याच्या यादीत दिसत नाहीत आणि लागू मात्र दोन्ही होतात.

डॉकर. ॲप वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारा हा कार्यक्रम यूएफडब्ल्यूला वळसा घालून स्वतःचे नियम लावतो. यूएफडब्ल्यूत पोर्ट बंद दाखवतो आणि जगाला तो उघडा असतो. उलट बाजूनं, डॉकर बसवल्यावर फॉरवर्डचं, म्हणजे दुसऱ्याची पॅकेटं पुढे पाठवण्याचं, धोरण ‘ड्रॉप’ होतं आणि त्याच मशीनवरची व्हर्च्युअल मशीनं इंटरनेटला मुकतात. स्वतःचे नियम ‘डॉकर-युझर’ साखळीत घाला.

फेलटूबॅन. चुकीचे पासवर्ड मारत राहणारा पत्ता हा अडवतो. पण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. एकानं चुकीचे पासवर्ड मारले की त्या पत्त्यामागचे सगळे बाद. ‘आमच्या गावातून साइट उघडत नाही, मुद्दाम बंद केली’ अशी तक्रार मी यातून उद्भवलेली पाहिली आहे. मुळात बंदी दहाच मिनिटांची असते, पण कोणीतरी ती कायमची करून ठेवलेली असते.

आणि हल्ल्याच्या दिवशी घाईत लावलेले नियम. १९ जानेवारी २०१२ ला मेगाअपलोड ही फाइल साठवायची साइट बंद झाल्यावर ॲनॉनिमस या निनावी हॅकर गटानं अमेरिकेच्या न्याय खात्याच्या आणि संगीत-चित्रपट उद्योगाच्या साइटवर पॅकेटांचा मारा केला. मला तो निषेध वाटत नाही. काळं पान आपल्या दारावर लावायचं असतं, दुसऱ्याचं दार अडवायचं नसतं. असा मारा झाला की ॲडमिन जोडण्यांवर मर्यादा घालतो, अख्ख्या देशांचे पत्ते आयपीसेटमध्ये, म्हणजे फायरवॉलच्या पत्त्यांच्या यादीत, कोंबतो आणि हल्ला सरल्यावर ते काढायला विसरतो. ‘आयपीसेट लिस्ट’ बघाच.

अर्ध्यावर अडकणारी पानं

याचं मूळ बहुतेक वेळा ‘पिंग धोकादायक असतं’ या समजुतीत. कोणीतरी सगळं आयसीएमपी बंद करतो. पण पॅकेट वाटेत मावत नसेल तर ‘लहान करून पाठव’ हा निरोप आयसीएमपीतूनच येतो, प्रकार ३, कोड ४. तो अडवला की पाठवणारा मोठीच पॅकेटं पाठवत राहतो आणि ती पोचत नाहीत. घरच्या ब्रॉडबँडवर पीपीपीओई ही लॉगिनची पद्धत असेल तर कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ होतो, व्हीपीएन असेल तर आणखी कमी. ‘पिंग डॅश एम डू डॅश एस १४७२’ देऊन बघा. ते अडलं आणि १४६४ गेलं, तर वाटेत १४९२ ची मर्यादा आहे. आयसीएमपीला परवानगी द्या. राउटरही लिनक्सच असेल तर फॉरवर्ड साखळीत एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात मावणाऱ्या मजकुराचा आकार, कमी करणारा ‘क्लॅम्प’ नियम घाला. आयपीव्ही-६ मध्ये तर आयसीएमपी सरसकट बंद करूच नका, शेजारचं मशीन शोधण्याचं कामही त्यातूनच होतं.

अवघड तपासणी: टीसीपीडम्प

ही आज्ञा मशीनमधून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवते. इथे एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं, जाणारं पॅकेट फायरवॉलच्या नंतर. म्हणजे जोडणी मागणारं तुमचं पहिलं ‘सिन’ पॅकेट टीसीपीडम्पमध्ये बाहेर पडताना दिसलं, तर तुमच्या जाण्याच्या नियमांनी ते सोडलं आहे. उत्तर येताना दिसतंय आणि तरी ब्राउझर थांबलेलाच, तर येणाऱ्या बाजूचा नियम खातोय, बहुधा आपण सुरू केलेल्या जोडणीची उत्तरं आत सोडणारी ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ ही ओळ हरवली आहे. उत्तर आलंच नाही, तर दोष बाहेर.

रीसेट येत असेल तर ‘डॅश व्ही’ देऊन टीटीएल, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकानं कमी होणारा आकडा, वाचा. साइटच्या ‘सिन-ॲक’ उत्तरावर समजा ५२ आहे आणि क्षणात आलेल्या रीसेटवर ६१. एकाच मशीनहून निघालेल्या दोन पॅकेटांत सहसा असा फरक पडत नाही, म्हणजे रीसेट वाटेतल्या कोणत्या तरी पेटीनं घुसवलं. एचटीटीपीएसमध्ये साइटचं नाव सुरुवातीच्या निरोपात सहसा उघडं जातं, ते वाचून जोडणी तोडायची ही रीत आहे. टीटीएल सारखा असेल तर मात्र पेटी नाहीच असं म्हणता येत नाही, काही पेट्या तोही नक्कल करतात.

बंदीच निघाली तर

मग नियम बदलत बसू नका, काही होणार नाही. बंदी नेहमी नेमकी असतेच असंही नाही. २०१२ च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी चित्रपटांच्या पायरसीपायी व्हिमिओ ही व्हिडिओ साइट अख्खी बंद केली. जूनमध्ये अशा बंदीच्या निषेधासाठी मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घालून तरुण जमले. त्याच महिन्यात न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की आदेश ठरावीक दुव्यांपुरता आहे. २०१७ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय अशाच बंदीत सापडलं. २०१६ मध्ये बंदीच्या पानावर ‘पाहिलंत तरी तीन वर्षं कैद’ अशा अर्थाची धमकी दिसायची. नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्यानं गुन्हा नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी तेव्हा स्पष्ट केलं. स्पेनमध्ये २०२५ पासून फुटबॉलच्या सामन्यांच्या वेळी अनेक साइट एकाच पत्त्यामागे ठेवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचे पत्ते बंद होतात आणि त्यांच्यामागच्या असंबंधित साइटही जातात. तिकडे सर्व्हर असेल आणि बिघाड शनिवार-रविवारीच होत असेल, तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघा.

बंदी दरवेळी पायरसीचीच असेल असंही नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइट २०२२ मध्ये काही महिने वेगळ्याच कारणानं बंद होती. निर्मात्यांनी कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरमध्ये उघडली. त्या काळात मशीन पुन्हा पुन्हा फॉर्मॅट करणारे लोक मला माहीत आहेत.

कुठे थांबायचं

सर्व्हर दूर आहे आणि एसएसएचशिवाय दुसरी वाट नाही, म्हणजे कन्सोल नाही, तर नियम बदलू नका, जाणकाराला बोलवा. बदलायचेच असतील तर आधी ‘आयपीटेबल्स-सेव्ह’नं प्रत काढा आणि ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ वापरा. तुम्ही वेळेत ‘हो’ म्हटलं नाहीत तर ते जुने नियम परत लावतं. ऑफिसचं मशीन असेल तर टीसीपीडम्पसुद्धा परवानगीशिवाय चालवू नका. कुबरनेटीस (अनेक मशीनवर डॉकरसारखे कप्पे सांभाळणारा कार्यक्रम), किंवा एकाच मशीनवर डॉकर आणि व्हीपीएन एकत्र असतील, तर मोजण्या वाचण्यापलीकडे जाऊ नका. नियम कोणते तुमचे आणि कोणते त्यांचे, हे ओळखणं रोज ते काम करणाऱ्याचं.

तुमचीच साइट बंदीत सापडली असेल तर गाठायचा माणूस वकील, ॲडमिन नव्हे. आदेशाची प्रत आणि दाव्याचा क्रमांक मिळवणं हे पहिलं काम. वाचक म्हणून अडला असाल तर इंटरनेट कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि सोबत एवढं द्या: तारीख-वेळ, तुमचा सार्वजनिक पत्ता, दोन डीएनएसची उत्तरं, हॉटस्पॉटवरचा निकाल, ‘कर्ल डॅश व्ही’चा मजकूर. टीसीपीडम्पची फाइल मागितली तरच द्या आणि चारचौघांत टाकू नका. तुम्ही त्या वेळात आणखी कुठे कुठे गेला होतात, तेही तिच्यात असतं.